आग रामेश्वरीं, बंब सोमेश्वरीं

आमच्या व्यवसायाचें नांव सांगितलें म्हणजे समोरचा मनुष्य प्रथम आमच्या हातांकडे पाहतो. भाजल्याचा एखादा वण, निदान एखादी करपलेली भुंवई तरी दिसावी अशी त्याची अपेक्षा असते. तसें कांहींच न दिसल्यामुळें तो किंचित् हिरमुसतो. आणि साऱ्या नोकरींत आम्हीं पाण्याची नळी एकदांहि हातीं धरली नाहीं असें ऐकल्यावर तर आमच्याविषयींचा त्याचा आदर पार विझून जातो. बुलढाणा जिल्ह्यांतील घाटावरच्या एका नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्रांत टेलिफोनच्या खोलीवर देखरेख करणें एवढेंच आमचें काम होतें. खोली दहा फूट लांब व तितकीच रुंद. तींत एक मेज, दोन टेलिफोन, एक बिनतारी यंत्र, भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा आणि मेजावर जाड पुठ्ठ्याची वर्दीची वही. आग लागल्याची खबर येते तिला आमच्या धंद्यांत वर्दी म्हणतात. तिन्ही पाळ्यांना टेलिफोनवर बसणारीं माणसें आमच्या हाताखालीं असत. 2021 सालीं आम्ही निवृत्त झालों तोंपर्यंत त्या खोलींत ठिणगी म्हणून कधीं पडली नाहीं. धूर तेवढा अधूनमधून येई; तो दाराशीं बसणाऱ्या म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या विडीचा. ज्या आगी आम्हीं पाहिल्या त्या सर्व कानांनीं पाहिल्या.

‘आग रामेश्वरीं, बंब सोमेश्वरीं’ ही म्हण आमच्या वाचकांपैकीं कोणास ठाऊक नाहीं? गबाळ्या कारभाराची थट्टा म्हणून ती सर्रास वापरली जाते. आम्हांला मात्र ती रचणारा कोणी विनोदी गृहस्थ नसून आमच्याच धंद्यांतला एखादा पूर्वसूरि असावा असें नेहमीं वाटत आलें आहे. (बंब हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. ज्या नांवाच्या भांड्यांत आपल्या आज्या स्नानाचें पाणी तापवीत, त्याच नांवाची गाडी आपण आग विझविण्यास बोलावितों, याची गंमत आम्हांला लहानपणापासून वाटत आली आहे.) बंब सोमेश्वरास गेला तो आळसानें गेला अशी लोकांची समजूत असते. तसें नसतें. चुकीच्या गांवाला निघालेला बंबहि तितक्याच वेगानें धांवतो; त्याची घंटा तितकीच खणखणत असते; वर बसलेलीं माणसें तितकींच जिवावर उदार झालेलीं असतात. घोटाळा झालेला असतो तो त्यापूर्वीं अर्ध्या मिनिटांत, टेलिफोनच्या दोन टोकांच्या मध्यें कोठें तरी. तें अर्धें मिनिट हेंच आमचें खातें होतें.

बुलढाणा जिल्हा नकाशावर एक दिसतो, पण रस्त्यावर तो दोन आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेनें त्याचे घाटावर व घाटाखालीं असे सरळ दोन भाग पाडले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगांवराजा हा मुलूख वरचा. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगांव, शेगांव, जळगांव जामोद, संग्रामपूर हा खालचा, पूर्णेच्या बाजूचा. वरून खालीं जावयाचें तर राजूरचा घाट उतरा किंवा बोथ्याचा. पाण्यानें भरलेला बंब वळणावर उतरवितांना आंतलें पाणी एका अंगास लोटतें आणि ड्रायव्हरला देव आठवतो. म्हणून खालची वर्दी खालच्या केंद्रास आणि वरची वरच्या केंद्रास वेळींच पोंचविणें हा आमच्या कामाचा पहिला धडा. आणि येथें आमचे पूर्वज आडवे येतात! पिंपळ दिसला कीं त्यांनीं त्याच्या सावलींत गांव वसविलें आणि त्याला पिंपळगांव म्हटलें. पिंपळगांव राजा खामगांव तालुक्यांत आहे, पिंपळगांव काळे जळगांव जामोद तालुक्यांत, पिंपळगांव देवी मोताळा तालुक्यांत, आणि पिंपळगांव सराई खुद्द बुलढाणा तालुक्यांत. सरकारी कागदावर हीं जोडनांवें व्यवस्थित लिहिलेलीं असतात. पण ज्याचें घर जळत आहे तो मनुष्य दुसरें नांव कधींच सांगत नाहीं, कारण त्याच्या लेखीं पिंपळगांव जगांत एकच असतें.

तो मनुष्य बोलतो तें असें:

‘साहेब, लवकर धाडा जी गाडी! गोठ्याले आग लागली!’

‘कोठें?’

‘अठीच!’

‘अठी म्हणजे कोठें, दादा?’

‘आमच्या गावात!’

आणि टेलिफोन बंद.

हा संवाद ऐकून शहरांतील वाचक हंसतील. आम्हीहि पहिल्या वर्षीं हंसत असूं. पुढें हंसूं येईनासें झालें. त्या मनुष्याचें कांहीं चुकत नाहीं. त्याच्या डोळ्यांपुढें आग इतकी मोठी असते कीं ती साऱ्या जगाला दिसत आहे असें त्याला वाटतें. जी वस्तु समोर धडधडत आहे ती ‘कोठें आहे’ असा प्रश्न विचारणारा त्याला वेडा वाटतो, किंवा टाळाटाळ करणारा सरकारी मनुष्य वाटतो. त्यांतलें दुसरें वाटण्यास त्याच्यापाशीं पूर्वानुभवाचा आधारहि असतो. मग तो चिडतो. टेलिफोनवर नवा मनुष्य बसलेला असला तर तोहि चिडतो, आणि ‘अहो, नीट सांगा!’ असें ओरडतो. दोघांच्या ओरडण्यांत गोठ्याचें छप्पर खालीं येतें.

म्हणून नव्या मनुष्यास आम्ही पहिली गोष्ट शिकवीत असूं ती आवाजाची. आपला आवाज पलीकडच्या आवाजाहून एक पायरी खालीं ठेवावा. दोन-चार वाक्यांत पलीकडचा मनुष्य नकळत पायरी उतरतो. दुसरी गोष्ट म्हणजे तालुका विचारूं नये. घाबरलेल्या मनुष्यास तालुका आठवत नाहीं. त्याला विचारावें, ‘आठवडी बाजाराला कोठें जातां?’ बाजाराचें गांव मात्र तो झोपेंतहि सांगतो. ही युक्ति आमची नव्हे. रात्रपाळीला बसणाऱ्या एका पोरसवदा मुलीनें ती शोधून काढली. तिचें माहेर घाटाखालचें व सासर घाटावरचें असल्यामुळें दोन्हीकडच्या बोली तिच्या तोंडीं होत्या. आम्हीं तिची युक्ति केंद्राचा नियम म्हणून भिंतीवर लिहून लावली. तिसरी गोष्ट, वर्दी देणाऱ्यास टेलिफोन ठेवूं देऊं नये. आणि फांट्यावर मोटारसायकल घेऊन एक मनुष्य उभा करण्यास सांगावें. रात्रीं शेतांतल्या आगीला रस्त्यावरून दिसते ती लाली. तिच्याकडे जाणारी गाडीवाट दिसत नाहीं.

हा प्रश्न केवळ आमच्या आडवळणाच्या मुलखाचा आहे असें मात्र कोणी समजूं नये. अमेरिकेंतील बोस्टन शहरानें 1852 सालीं रस्तोरस्तीं लोखंडी पेट्या बसविल्या व त्या तारायंत्रानें मुख्य ठाण्यास जोडल्या. पेटीचा दांडा फिरविला कीं ठाण्यावर त्या पेटीचा क्रमांक वाजे. आग केवढी, कशाची, कोणाची, हें पेटी सांगत नसे. ती फक्त ‘कोठें’ तेवढें सांगे. तिला जीभ नव्हती, म्हणून ती घाबरतहि नसे. पुढें टेलिफोन आला आणि पेटीची जागा माणसाच्या जिभेनें घेतली. सोय वाढली तसा घोटाळाहि वाढला. लंडनमध्यें 1935 च्या नोव्हेंबरांत विंपोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागली. शेजारच्या गृहस्थानें टेलिफोन उचलला, पण एक्स्चेंजमध्यें त्याची पाळी येईना. तो ताटकळत राहिला. त्या आगींत पांच स्त्रिया मेल्या. त्यावरून ओरड होऊन 1937 सालीं 999 हा तातडीचा क्रमांक तेथें सुरू झाला. आपल्याकडे आगीसाठीं 101 होता व आहे; त्याच्या जोडीला पोलीस, आग, रुग्णवाहिका या सर्वांसाठीं 112 हा एकच क्रमांक महाराष्ट्रांत 2021 सालापासून चालू झाला. तो फिरविला कीं वर्दी नवी मुंबईंत महापे येथें किंवा नागपुरास ऐकली जाते व तेथून जिल्ह्याकडे येते. टेलिफोन करणाऱ्याचें ठिकाणहि आतां यंत्र पडद्यावर दाखवूं लागलें आहे. आम्हांला या सुधारणेचें कौतुकच आहे. पूर्वीं मोबाइलवरून 101 फिरविला तर तो कधीं कधीं भलत्याच गांवीं वाजे, त्यापेक्षां हें शतपटीनें बरें. तथापि यंत्र जें ठिकाण दाखवितें तें कित्येकदां घराचें नसून जवळच्या मनोऱ्याच्या आसपासचें असतें. आणि ‘मारुतीच्या पारामागचा वाडा’ म्हणजे काय हें महाप्याच्या मुलीनें कसें जाणावें? तें सांगणारा मनुष्य शेवटीं गांवांतच लागतो.

‘कोठें’ या प्रश्नाच्या पाठोपाठ ‘काय जळतें आहे’ हा प्रश्न येतो. त्याचें उत्तर न मिळाल्याची फार जबर किंमत मुंबईनें एकदां मोजली आहे. 14 एप्रिल 1944 रोजीं व्हिक्टोरिया गोदींत फोर्ट स्टायकिन नांवाच्या जहाजावर आग लागली. जहाजांत कापसाच्या गांठी होत्या आणि सुमारें 1,400 टन स्फोटकें होतीं. आग विझविण्याचे प्रयत्न दुपारपासून चालले होते. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आंत दुसरा. अग्निशमन दलाचे 66 जवान त्यांत गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षीं 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. शाळांतून मुलें बंब पाहावयास येतात आणि घंटा वाजवावयास मिळाली कीं खुष होऊन परत जातात. कापसाच्या आगीविषयीं खामगांव-मलकापूरकडच्या जिनिंगवाल्यांस कोणी नवें सांगावयास नको. वरून विझलेली दिसणारी गांठ पोटांत दोन-दोन दिवस धुमसत असते. आमच्याकडे शेतकरी भाव वाढेल या आशेनें राहत्या घरांतच कापूस भरून ठेवितो, त्याच खोलींत देवघर असतें आणि पलीकडे चूल किंवा गॅसची शेगडी. म्हणून ‘घराला आग’ असें ऐकलें कीं आमचा मनुष्य लगेच विचारी, ‘घरांत कापूस आहे का? गॅसची टाकी कोठें आहे? वीज बंद केली का?’ वीज बंद करणें म्हणजे घरांतलें बटण नव्हे; वायरमनला गांठून डीपीवरून बंद करणें.

आणि मग पाणी. ‘आग लागल्यावर विहीर खणणें’ ही दुसरी म्हण. पण आमच्या जिल्ह्यांत आगीच्या अगोदर खणलेल्या विहिरींतहि चैत्र-वैशाखांत पाणी असेल अशी खात्री नाहीं. आमच्या बंबांत साडेचार हजार लिटर पाणी मावे. नळी पुरी सोडली तर तें दहा मिनिटांत संपतें. त्यानंतर बंब ही एक लाल रंगाची रिकामी गाडी असते. म्हणून गाडी निघाली कीं लगेच, गांवांत कोणाच्या विहिरीला पाणी आहे, शेतांत या वेळीं वीज आहे का, टँकर कोठें उभा आहे, ही चौकशी टेलिफोनवरून सुरू होई. गाडी पोंचावयास पाऊण तास लागणार हें ठाऊक असतां पलीकडच्या मनुष्यास काय सांगावें, हा याहून कठीण प्रश्न. ‘निघालीच’ असें खोटें सांगून धीर देणारे लोक या धंद्यांत पुष्कळ आहेत. आम्हांला तें कधीं पटलें नाहीं. पाऊण तास लागेल असें स्पष्ट सांगितलें तर तो मनुष्य एकदां शिव्या देतो. पण मग वाट पाहत उभा राहत नाहीं, हात चालवूं लागतो. त्याला सांगावें, आधीं दावीं कापा, सोडीत बसूं नका. गुरें बाहेर काढलीं कीं पुन्हा आंत शिरूं देऊं नका, कारण भ्यालेलें जनावर ठाणाकडेच परत धांवतें. कडब्याची गंजी वाचणार नसेल तर ती सोडा आणि शेजारच्या छपरावर पाणी टाका. एवढें सांगून होईतों आपल्या कानांत मागच्या बायांचें रडें येत असतें. त्या रड्याकडे लक्ष द्यावयाचें नाहीं हेंहि शिकवावें लागतें, आणि तें कोणालाहि पुरतें शिकवितां येत नाहीं.

या खोलींत बसणाऱ्याला खरी धग लागते ती निवड करतांना. एका सालीं दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत, सोयाबीन सोंगून जिकडे तिकडे सुड्या लागलेल्या असतां, दुपारीं 2 वाजून 10 मिनिटांनीं वीस किलोमीटरवरच्या एका गांवाहून वर्दी आली. सुडी पेटली होती. आमचा दुसरा बंब दुरुस्तीला गेलेला. होता तो एकुलता एक बंब आम्हीं रवाना केला. अकरा मिनिटांनीं दुसरी वर्दी शहरांतून आली: स्वयंपाकघरांत गॅसनें पेट घेतला आहे आणि आंतल्या खोलींत अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे. आम्हीं बिनतारी यंत्रावरून बंब अर्ध्या वाटेवरून परत बोलाविला, आणि सुडीसाठीं शेजारच्या तालुक्याच्या बंबास विनंति केली. तो निघाला, पण तो पोंचला तेव्हां वर्षाच्या पिकाची राख झालेली होती.

चार दिवसांनीं तो शेतकरी पंचनाम्यासाठीं वर्दीचा दाखला मागावयास आला. पन्नाशीचा मनुष्य, धुतलेला सदरा. आमची वही लपविण्याची चीज नव्हे. आम्हीं ती त्याच्यापुढें फिरविली. त्यानें बोट ठेवून ओळ वाचली: निघाली 2.10, मार्गांतून परत 2.21.

‘परत कामून बोलावली जी?’

‘शहरांत एका घरांत म्हातारी अडकली होती, भाऊ.’

‘वाचली का मंग?’

‘वांचली.’

‘गाडीनं?’

आम्हीं खरें तें सांगितलें. गाडी पोंचण्यापूर्वींच शेजाऱ्यांनीं खिडकीचे गज काढून तिला बाहेर आणलें होतें आणि ओल्या पोत्यांनीं आगहि विझविली होती. त्यानें दाखल्याची घडी घातली, खिशांत ठेविली, आणि शिक्का कोणत्या खोलींत मारतात तें विचारून तो गेला.

तीच माहिती समोर असेल तर आम्ही आजहि तीच आज्ञा देऊं. मनुष्य आणि पीक यांत निवड करावयाची वेळ आली तर दुसरी आज्ञा संभवतच नाहीं. परंतु आज्ञा योग्य असल्यानें त्या शेतकऱ्याची सुडी परत येत नाहीं. आणि ज्या खोलींत अशी निवड करावी लागते तिला एकच बंब दिलेला असतो, हें त्याच्या त्या एका शब्दाच्या प्रश्नानें आम्हांला जितकें लख्ख दाखविलें तितकें कोणत्याहि अहवालानें दाखविलें नाहीं.

आम्ही निवृत्त झाल्यावर जिल्ह्यांतून समृद्धि महामार्ग सुरू झाला. 1 जुलै 2023 रोजीं मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास नागपुराहून पुण्याकडे जाणारी एक प्रवासी बस सिंदखेडराजा तालुक्यांत पिंपळखुट्याजवळ उलटली आणि पेटली. तींत 33 माणसें होतीं. 25 जळून गेलीं. वांचलीं तीं 8. बस दाराच्या अंगावर पडल्यामुळें दार बंद झालें होतें. वांचणारे कांच फोडून बाहेर आले. सकाळीं ती बातमी ऐकली तेव्हां आम्ही घरीं होतों आणि आमचें मन मात्र त्या दहा फुटांच्या खोलींत जाऊन बसलें होतें. नागपुरास झोपलेला प्रवासी जागा होतो तो ज्या भूमीचें नांवहि त्यानें ऐकलेलें नाहीं अशा भूमीवर. तेथें पार नाहीं, पिंपळ नाहीं, आठवडी बाजार नाहीं. दोन्ही बाजूंस कुंपण आणि मधून सिमेंटचा सरळ रस्ता. त्याला ‘कोठें’ असें विचारलें तर तो काय सांगणार? गांव जवळ दिसलें तरी गांवांतून रस्त्यावर चढतां येत नाहीं. ठराविक इंटरचेंजवरूनच जावें लागतें. आणि हें सर्व अचूक जमलें तरी पेटलेली बस ही अवघ्या कांहीं मिनिटांची बाब असते. तेथें आमच्या खोलीचा अंमल चालत नाहीं. तेथें दाराची कडी, मोकळी ठेविलेली संकटकाळची वाट आणि कांच फोडावयाची हातोडी यांचा अंमल चालतो.

अशा रात्रीनंतर टेलिफोन थांबत नाहींत, हें आमच्या सेवेंतील लहानमोठ्या अपघातांवरून आम्हांस पुरतें ठाऊक आहे. फरक इतकाच होतो कीं, पहांटेपासून प्रश्न उलटा फिरतो. आतां पलीकडचा मनुष्य विचारूं लागतो, ‘कोठें आहे हो तो? कोणत्या दवाखान्यांत नेलें?’ त्या प्रश्नासाठीं आमच्याकडे एक निराळी वही असे. तींत नांवें लिहितांना अक्षर सुवाच्य असावें म्हणून ती आम्ही स्वतःच लिहीत असूं.

गेल्या वर्षीं कांहीं कामानें केंद्रावर जाणें झालें. मेजावर पडदा आला आहे, त्यावर ठिपके सरकतात. वर्दीची वही बदलली आहे. पण गांवोगांवच्या खुणांची आमची जुनी हिरवी वही — कोणत्या पिंपळगांवाला कोणता बाजार, कोणत्या फांट्यावर वड, कोणत्या विहिरीला बारमास पाणी — ती तशीच खणांत होती, आणि पानांचे कोपरे मळलेले होते. म्हणजे कोणी तरी ती उघडीत होतें. शेवटचीं कोरीं पानें त्या रात्रपाळीच्या मुलीनें भरलीं आहेत. महामार्गाचा प्रत्येक किलोमीटर, त्यापुढें जवळच्या गांवाचें नांव, त्यापुढें कोणत्या इंटरचेंजवरून चढावयाचें तें, आणि कुंपणाला कोठें माणूस जाईल एवढी वाट आहे तिची खूण. दोन पानें अद्याप कोरीं होतीं. तिकडचीं गांवें ती सुटीच्या दिवशीं स्वतः जाऊन पाहणार होती.